येथे बुवा बोलतील

या मित्रांनो, जवळ या. चपला दारात काढा, मोबाइलचा आवाज बंद करा आणि कीर्तनाला बसता तसे मांडीला मांडी लावून बसा. माझा आवाज कागदाचा आहे, लांबून ऐकू यायचा नाही. मी तुम्हाला एका नाटकाची गोष्ट सांगणार आहे. ती गाण्यांची आहे, देवाची आहे, आणि तुमच्यापासून लपवून काय करू, माझ्या जळक्या स्वभावाचीही आहे.

मी एक जुनी वही आहे. प्रॉम्प्टची वही. नाटकात एखादा नट बोलता बोलता अडला, तर विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, उभं राहून त्याला हलक्या आवाजात पुढचा शब्द द्यावा लागतो. तो शब्द देणाऱ्या माणसाला प्रॉम्प्टर म्हणतात. त्या माणसाच्या हातात जी वही असते, ती मी. माझी पाठ लाल कापडाची आहे, पानं दोनशे आहेत, आणि त्यातली बरीचशी आता पिवळी पडली आहेत.

माझा जन्म कुठल्या गिरणीत झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते लखनौमधलं, निशातगंजच्या बाजारातलं स्टेशनरीचं दुकान. तिथे एक दिवस वसुधाताई सोमण आल्या. त्यांचे यजमान हवाई दलात होते, बदली होऊन कुटुंब लखनौला आलेलं. ताई मूळच्या कुरुंदवाडच्या. लहानपणी नदीकाठच्या देवळात त्यांनी इतकी कीर्तनं ऐकली होती की भाजी निवडतानाही त्यांचा अंगठा ताल धरायचा.

"भैया, ऐसी कॉपी दीजिए जो खुली रखो तो खुली रहे," त्या म्हणाल्या.

"हिसाब की, बहनजी?"

"नहीं, नाटक की."

"तो मज़बूतवाली ले जाइए. नाटकवाले लोग पटकते बहुत हैं."

अशी मी निवडली गेले. उघडी ठेवली तर उघडी राहणारी! हा माझा पहिला गुण, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

तेव्हा लखनौतल्या मराठी मंडळींनी एक संगीत नाटक बसवायला घेतलं होतं. त्यांच्यातल्याच एका मास्तरांनी ते लिहिलेलं. नाव होतं 'संगीत भागीरथीची घागर'. भागीरथी ही कुंभाराची मुलगी. ती रोज देवाच्या अभिषेकासाठी नदीवरून घागर भरून आणते, पण गाव तिला देवळात येऊ देत नाही. घागर पायरीवर ठेवून ती परत फिरते. तिसऱ्या अंकात गावात एक कीर्तनकार बुवा येतात. त्यांचं कीर्तन ऐकून गावाचं मन पालटतं आणि ज्या म्हाताऱ्याने दार अडवलेलं असतं, तोच उठून दार उघडतो. मग भागीरथी शेवटचं पद गाते: 'पायरीवरी ठेविली घागर, आत घ्या कुणी'. एवढीच गोष्ट, पण तालमीतसुद्धा माणसं डोळे पुसायची.

ते सगळं नाटक वसुधाताईंनी माझ्यात उतरवलं. संवाद निळ्या शाईत, पदं काळ्या शाईत. समासात लाल पेन्सिलीने खुणा. ती पेन्सिल त्यांनी सुतळीने माझ्या पाठीला बांधली होती. 'इथे लीला श्वास घेते, घाई करू नये.' 'पेटीचा सूर मिळेपर्यंत बोलू नये.' 'इथे टाळ्या, थांबणे.' आणि एका पानावर, पहिल्या प्रयोगानंतर: 'इथे पत्र्यावर माकड, आवाज चढवणे.'

पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांना पद आवडलं की ते वन्समोअर देतात. आमच्याकडे निम्मे प्रेक्षक लखनवी. भागीरथीचं काम करणाऱ्या लीलावतीताईंनी पहिलं पद संपवलं, तसे पुढच्या रांगेतले एक मियाँ हात उंचावून ओरडले, "मुकर्रर! मुकर्रर!" लीलावतीताई घाबरून गप्पच झाल्या. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं.

"लीला, पुन्हा म्हण. आवडलंय त्यांना," वसुधाताई विंगेतून पुटपुटल्या.

त्या दिवसापासून माझ्या समासात जागोजागी 'मुकर्रर' लिहिलं गेलं.

नाटकाचे तीन प्रयोग झाले. त्या दिवसांत माझ्यासारखं सुखी कुणी नव्हतं. पडद्यामागे सगळे विचारायचे, "वही कुठाय? वही आली का?" मी आले की पडदा वर जायचा. बुवांचं काम हेमचंद्र करायचे. ते वनस्पतींच्या पेशींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ, पण त्या कामाने त्यांना असं नाव दिलं की आजतागायत सगळे त्यांना बुवाच म्हणतात. शेवटच्या प्रयोगानंतर त्यांना शाल आणि नारळ मिळाला. लीलावतीताईंना हार मिळाला. मला कुणी काही दिलं नाही, पण वसुधाताईंनी मला पदराने पुसलं. मला तेवढं पुष्कळ होतं.

आणि मग ती आली.

ती म्हणजे कॅसेट. नाटकातली पदं टिकून राहावीत म्हणून मंडळींनी एका स्टुडिओत जाऊन ती भरून घेतली. कॅसेट साठ मिनिटांची. म्हणून पदांची कडवी कापली, दोन पदं गाळली आणि बोलणं तर एक अक्षरही घेतलं नाही. गाणाऱ्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या माझ्यातूनच उतरवलेल्या, पण मला स्टुडिओच्या दारापर्यंतसुद्धा कुणी नेलं नाही. पंधरा दिवसांनी ती घरात आली. अंगावर रंगीत वेष्टन, त्यावर लीलावतीताईंचा फोटो, मागे सगळ्यांची नावं. पेटीवाल्याचं, तबलजीचं, अगदी वेष्टन छापणाऱ्याचंही नाव. वसुधाताईंचं नाव नव्हतं. कॅसेटमध्ये बोलणंच नाही, मग प्रॉम्प्टर कशाला?

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड आलं तेव्हा तुम्हाला जे वाटलं असेल ना, ते मला वाटलं. शंभरपट वाटलं. गणपतीत ती वाजायची. हळदीकुंकवाला ती वाजायची. आंब्याच्या दिवसांत सगळे दशहरी खायला मलिहाबादच्या बागेत जायचे, तेव्हा ती मोटारीत पुढच्या सीटवर बसून जायची. मी एका उशीच्या अभ्र्यात, कपाटाच्या तळाशी. एकदा तिची फीत अडकून बाहेर आली, घरभर तपकिरी शेवया झाल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात ताईंनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं. मला वाटलं, आली माझी वेळ. त्यांनी माझ्या पाठीची लाल पेन्सिल सोडली, कॅसेटच्या चाकात घालून फीत गुंडाळली आणि मला परत अभ्र्यात ठेवलं. माझी पेन्सिल! तिच्यासाठी!

एकदा ते शेवटचं पद लागलं असताना एका लहान मुलीने विचारलेलं मी कपाटातून ऐकलं. "आई, ती घागर पायरीवर का ठेवते? आत का नाही नेत?"

"गाणं आहे ते. चाल बघ किती गोड आहे," आई म्हणाली.

दार कुणी अडवलं, का अडवलं, कसं उघडलं, ते सगळं माझ्यात होतं. मला कुणी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, तू गोड आहेस, पण तू अर्धी आहेस. पूर्ण मीच आहे. या एका विचारावर मी कितीतरी वर्षं काढली.

आठ वर्षांपूर्वी वसुधाताई गेल्या. तेराव्याच्या दिवशी मंडळी जमली आणि त्यांच्या आठवणीसाठी काय लावलं असेल? तीच. तिच्यात ताईंचा श्वाससुद्धा नव्हता, तरी तीच.

आता यंदाच्या मे महिन्याची गोष्ट. ताईंची मुलगी क्षितिजा कॉलेजात शिकवते आणि लखनौच्याच वृंदावन योजना या वसाहतीत एका फ्लॅटमध्ये राहते; ताईंनंतर मीही तिच्याच कपाटात. तिची मुलगी रुचा एकवीस वर्षांची. ध्वनिमुद्रण शिकली आहे आणि घरातल्या एका खोलीत लोकांची गाणी भरून देते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तर एका सकाळी बुवा त्यांच्याकडे आले. वय ऐंशी, हातात आंब्यांची पिशवी, गळ्याला मफलर.

"काका, मे महिन्यात मफलर?" क्षितिजाने विचारलं.

"गळ्यात गाठ आहे गं. जुलैत ऑपरेशन. आवाज राहील का विचारलं, तर डॉक्टर नुसती मान हलवतात. होकाराची की नकाराची तेही कळत नाही." ते हसले आणि हसता हसता खोकले. "त्याआधी नाटक भरून घेऊ या. आणि पूर्ण भरू. पदं आहेत त्या कॅसेटमध्ये, मला माहीत आहे. पण बुवा नुसता गात नाही, क्षितिजा. बुवा सांगतो. ते सांगणं कुठेच नाही राहिलं."

ते ऐकून मी अभ्र्यात ताठ बसले. कॅसेटची खोड मोडणार म्हणून मी खूश झाले. पण दुसऱ्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. पूर्ण भरणार? म्हणजे संवादही? मग माझ्यात उरणार काय? सगळं एखाद्या नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये गेल्यावर मला उघडणार कोण? आजवर मी अर्धीचा हेवा केला होता. आता एक पूर्ण जन्माला येणार होती.

दोन दिवसांनी लीलावतीताईही आल्या. बहात्तर वर्षांच्या, पण आवाजाला अजून पाणी. चौघे जेवणाच्या टेबलाभोवती बसले आणि मला मध्ये उघडून ठेवलं. वाद सुरू झाला.

"मैं ये जानना चाहती हूँ कि पूरा मतलब कितना पूरा," रुचा म्हणाली. "तीसरी घंटी भी? परदा खिंचने की आवाज़ भी? और ये जो आजी ने लिखा है, बंदर, वो भी?"

"माकड नको," लीलावतीताई म्हणाल्या. "त्या दिवशी त्याला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या होत्या."

"दुसऱ्या प्रयोगात मध्येच माइकवरून सांगितलं होतं, गेटसमोरची स्कूटर हटवा म्हणून," क्षितिजाला आठवलं. "ती माझ्या बाबांचीच होती."

"ते काही घालू नका," बुवा म्हणाले. "पण नांदी घ्या. संवाद घ्या. आणि तिसऱ्या अंकातलं निरूपण घ्या. कीर्तनात अभंग म्हटल्यावर बुवा त्याचा अर्थ सांगतात, दाखला देतात, ते निरूपण. त्याच्याशिवाय शेवटचं पद पोरकं आहे."

"बुवा, राग मानू नका," लीलावतीताईंनी चष्मा काढला. "लोक आता तीन मिनिटांचं गाणं धड ऐकत नाहीत. पदं घ्या, पूर्ण कडव्यांनिशी घ्या आणि मोकळे व्हा. तुमचं निरूपण सुरू झालं की मी आत दोन कप चहा पीत असे."

"म्हणून तर तुम्हाला ते ठाऊक नाही!"

मित्रांनो, मी कुणाच्या बाजूने होते, ओळखा पाहू. मी लीलावतीताईंच्या बाजूने होते. मनातल्या मनात मी म्हणत होते, हो हो, पदंच घ्या, बाकीचं माझ्याकडे राहू द्या, मी सांभाळते. बुवांच्या गळ्यातली गाठ मला दिसत होती. तरी मी असं म्हणत होते. हेवा माणसाला आंधळं करतो की नाही मला ठाऊक नाही, पण कागदाला करतो.

शेवटी बुवांच्या ऐंशी वर्षांपुढे कुणाचं चाललं नाही. पूर्ण भरायचं ठरलं.

रुचाने खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या, म्हणजे आवाज घुमू नये. पंखा बंद, फ्रिज बंद. घामाच्या धारा. मध्येच खालून "आलू, प्याज़, टमाटर" अशी हाळी आली की सगळं थांबायचं. "भैयाजी, दस मिनट आगे चले जाइए ना, प्लीज़," रुचा गॅलरीतून ओरडायची. तबला तिने आधीच भरून ठेवला होता. पेटीवर क्षितिजा. मंडळातली चार माणसं गावकरी झाली. सहा दिवस काम चाललं. मी स्टँडवर उघडी. जो तो म्हणायचा, "काय वही ठेवली आहे हो वसुधाताईंनी! एकही शब्द सुटलेला नाही." कौतुक ऐकून बरं वाटायचं. पण एकेक पान वाचून झालं आणि उलटलं की माझ्यातून काहीतरी काढून नेल्यासारखंही वाटायचं.

सातव्या दिवशी तिसरा अंक. बुवांनी पूर्वरंगातला अभंग म्हटला. आवाज फाटत होता, पण देवापुढे उभं राहिल्यासारखे गायले. मग क्षितिजाने माझं पान उलटलं.

आणि तिथे, मित्रांनो, माझं बिंग फुटलं.

त्या पानावर वरच्या बाजूला एकच ओळ होती. 'येथे बुवा बोलतील.' खाली काही नाही. पुढचं पान, तेही कोरं. इतकी वर्षं मी स्वतःला पूर्ण म्हणवून घेत होते, आणि जिथे सगळ्या नाटकाचं हृदय होतं तिथे मी रिकामी होते. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिकडे बघतच नव्हते.

"इथे काहीच नाही काका," क्षितिजा म्हणाली.

"मग बोला की बुवा," लीलावतीताई म्हणाल्या. "उत्स्फूर्त निरूपण म्हणून तर शाल मिळाली होती तुम्हाला. प्रत्येक प्रयोगात बोलत होतात."

बुवांनी तोंड उघडलं. मिटलं. रुचाने दोनदा यंत्र चालू केलं, दोनदा बंद केलं. बुवांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला.

"ते माझं नव्हतं," ते म्हणाले.

 

"मी माझं निरूपण कागदावर लिहून आणलं होतं. इंग्रजी व्याख्यानासारखं, मुद्दे काढून. पहिल्या प्रयोगाला अभंग म्हटला, कागद काढायला खिशात हात घातला, तर अंगावर बुवांचं धोतर आणि उपरणं. खिसाच नाही! कागद माझ्या पँटीत, पँट मेकअपच्या खोलीत. समोर पाचशे माणसं. मी विंगेकडे पाहिलं. वसुधावहिनींनी वही खाली घेतली, डोळे मिटले आणि सांगायला लागल्या. एकेक वाक्य. त्या सांगतील तसं मी बोललो. लोकांना वाटलं, बुवा भावनेने थांबून थांबून बोलतायत. लोक रडले." ते घोट घ्यायला थांबले. "दुसऱ्या प्रयोगाला कागद कमरेला खोचलेला होता. तरी मी थांबलो आणि विंगेकडे पाहिलं. तिसऱ्यालाही. शाल मी घेतली. वहिनी एका शब्दाने कुणाजवळ बोलल्या नाहीत, आणि मीही नाही."

"आणि मी चहा पीत होते," लीलावतीताई हळूच म्हणाल्या.

मला हे सगळं ठाऊक होतं, कारण मी त्यांच्या हातात होते. त्या क्षणी ताई मला खाली घ्यायच्या, कोऱ्या पानावर तळवा ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्याही नाहीत. बाकी सगळ्या नाटकात त्यांना मी लागायचे. तिथे नाही. कॅसेटचा मी हेवा केला, पेनड्राइव्हचा केला, पण सगळ्यात आधी, सगळ्यात खोल हेवा मी त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांमागच्या गोष्टीचा केला होता. ती कधीच माझी झाली नाही. आज तुमच्यापाशी कबूल करते.

"काका, काय सांगायची आई?" क्षितिजाने विचारलं.

"एक म्हातारी... पखवाज... मला ओळीने आठवत नाही गं. मी कुठे पाठ केलं होतं? मला दिलं जात होतं."

क्षितिजा पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसली होती. अकरा वर्षांची असताना ती विंगेत कपड्यांच्या ट्रंकेवर, आईच्या पायाशी बसायची. "पखवाज," ती म्हणाली. "थांबा काका. तुम्ही अभंगाची शेवटची ओळ पुन्हा म्हणा आणि थांबा. विंगेकडे बघायचात तसं माझ्याकडे बघा. रुचा, चालू कर."

बुवांनी ओळ म्हटली. थांबले. वळून पाहिलं.

"एका गावी देवळात रोज कीर्तन होई," क्षितिजा पुटपुटली.

"एका गावी देवळात रोज कीर्तन होई," बुवा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम सगळं गाव आलं.

गोष्ट अशी होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे त्याला भरदार नाद येतो. कीर्तन संपलं की ती कणीक खरवडून टाकतात. त्या गावात ही कणीक एक आंधळी म्हातारी द्यायची. तिला देवळात जागा नव्हती. घरात असेल त्या पिठातून आधी पखवाजाचा गोळा काढायची आणि उरलेल्याची पोळी लाटायची. बुवांना फुलं मिळत, पखवाजीला उपरणं मिळे. कणीक रोज खरवडली जाई. एक दिवस म्हातारी आजारी पडली. गोळा आला नाही. पखवाज पोकळ वाजला, बुवांचा सूर लागेना, लोक चुळबुळू लागले. तेव्हा गाभाऱ्यातून देव बोलला...

इथपर्यंत दोघे मिळून आले. कधी क्षितिजा शब्द द्यायची, कधी तिच्या आधीच बुवांना आठवायचं. आणि इथे दोघेही थांबले. क्षितिजाने डोळे मिटले, उघडले, मान हलवली. देव काय बोलला, ते तिला आठवेना. बुवा तिच्याकडे बघत राहिले. त्या एका वाक्यासाठी तो ऐंशी वर्षांचा माणूस रिकामं भांडं पुढे धरल्यासारखा उभा होता, आणि मी त्याच्यासमोर कोरी पडले होते. माझ्या जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, कुणाकडून का होईना, येऊ दे. माझ्यात नसलं तरी चालेल.

तेव्हा यंत्राच्या मागून आवाज आला. अगदी हलका. मराठी.

"तुमचे अभंग मी नंतर ऐकतो. आधी मला तिची कणीक ऐकू येते."

ती रुचा होती. तिने घाबरून तोंडावर हात ठेवला. बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य उचललं, जसंच्या तसं. मग आपोआप पुढचं आलं. देवळातली माणसं कशी उठली, म्हातारीच्या झोपडीत कशी गेली, तिला पालखीत नाही, हाताला धरून कशी आणली. निरूपण संपलं. त्याला जोडूनच लीलावतीताईंनी, कुणी सांगितलं नसताना, शेवटचं पद सुरू केलं. आवाज थरथरत होता, एक तान अर्ध्यात सुटली. पण आता घागर पायरीवर का होती, हे त्यांच्या आवाजालाच कळलं होतं.

"तुला कसं ठाऊक गं?" क्षितिजाने नंतर विचारलं.

"आजी रोटी बनाते वक़्त मुझे कणीक का टुकड़ा देती थी. चिड़िया बनाने को. तब सुनाती थी." रुचा डोळे पुसत होती. मग ती कामाला लागल्यासारखी म्हणाली, "सॉरी, मेरी और मम्मी की आवाज़ माइक में आ गई है. मैं निकाल दूँगी. साफ़ हो जाएगा, पता भी नहीं चलेगा."

"हात लावू नकोस," लीलावतीताई म्हणाल्या. नाटकातसुद्धा त्या इतक्या जोराने बोलल्या नव्हत्या. "ती कुजबुज काढणार असशील तर माझी अकरा पदंही काढ."

"लीलाताई, तुम्ही तर नुसती पदं म्हणत होतात," बुवा म्हणाले.

"म्हणत होते. तेव्हा मला वाटायचं, पूर्ण म्हणजे लांब."

रुचाने कुजबुज काढली नाही. निवांत बसून तिने नावांची यादी केली. बुवांसमोर निरूपणाचा रकाना आला, तसा त्यांनी तिच्या हातातला पेन घेतला, स्वतःचं नाव खोडलं आणि लिहिलं: 'निरूपण: वसुधा सोमण'. क्षितिजाने मग मला जवळ ओढलं. ती गोष्ट माझ्या कोऱ्या पानावर उतरवून ठेवू या, असं तिच्या मनात आलं होतं. मी श्वास रोखला. एवढं झालं असतं तर मी खरंच पूर्ण झाले असते.

"नको," बुवा म्हणाले. "ते पान तसंच असू दे. वहिनींनी लिहिलं नाही, ते आपण कशाला लिहायचं?"

मला वाईट वाटलं का? वाटलं. मी काही संत नाही, वही आहे. अजूनही त्या पेनड्राइव्हचा मला हेवा वाटतो. ती आता कुणाकुणाच्या कानात जाऊन बसली आहे, आणि तिच्यात ते आहे जे माझ्यात कधी येणार नाही. पण मला आता अभ्र्यात कोंबत नाहीत. रुचाच्या टेबलावर मी उघडी असते आणि ती अधूनमधून समासातल्या खुणा वाचून हसते.

बुवांचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही बराचसा गेला. ते आता पाटीवर लिहून बोलतात. परवा आले होते. रुचाने त्यांना निरूपण ऐकवलं. आपल्याच आवाजापाशी ते नुसते बसून होते, पण कुजबुज आली की बोट वर करायचे, ऐका म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, देवळात अशी माणसं असतील, ज्यांचं नाव वेष्टनावर छापलेलं नसतं. त्यांना जपा, ती आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारून घ्या. आणि माझी एक विनंती आहे. हे नाटक कधी तुमच्या कानावर पडलं, तर तिसऱ्या अंकात बुवा थांबतात तिथे घाईने पुढे ढकलू नका. आधी एका बाईचा आवाज येईल, मग एका मुलीचा. ते आवाज लेकीचे आणि नातीचे आहेत, शब्द मात्र वसुधाताईंचे. त्या कुरुंदवाडच्या होत्या, लखनौच्या झाल्या, आणि सगळा जन्म दुसऱ्याला पुढचा शब्द देत राहिल्या. त्या क्षणी तेवढं एक नाव मनात घ्या. वसुधा सोमण.